गजाच्या नावाचा खेळाडू

मु. पळसदरी, ता. कर्जत
७ जानेवारी १९८२

प्रिय मेव्हणे गजाननराव यांस, दाजीचा, म्हणजे हिरामणचा, रामराम. इकडे सगळं ठीक. तुझी ताई मोतीबाई बरी आहे (म्हणजे माझ्याशी बोलते आहे). धोंडूबाईचे गुडघे कसे आहेत? तुझ्या गुडघ्याचं विचारत नाही, तो कधी दुखलाच नव्हता.

कर्जतला जुन्या कबड्डीपटूंचा सत्कार आहे, शाल आणि श्रीफळ. तुला निमंत्रण आलंच असेल. बाजारात फळ्यावर यादी लावली आहे, तिसरं नाव तुझं. मी ती उभ्या उभ्या चार वेळा वाचली.

आठवतं ना? चोपन्न साली शिमग्याला मी नवा जावई म्हणून तुमच्याकडे पुरणपोळी खायला आलो होतो. त्याच दिवशी सामना आणि त्याच दिवशी तुला नको तिथे केसतूड. गावचाच गडी हवा असा नियम, यादीही देऊन झालेली. तुझ्या वडिलांनी (देव त्यांना क्षमा करो) मला ताटावरून उठवलं. म्हणाले, "जावईबापू, आज तुमी गजा हाय. नाय म्हनू नका." पोटात पाच पोळ्या घेऊन मी चढाईला गेलो आणि तीन गडी बाद करून परत आलो. तिथेच चुकलं. हरलो असतो तर हिरामण म्हणून घरी आलो असतो.

पुढे आठ वर्षं मी खेळलो आणि तू गाजलास. खालापूर, चौक, कर्जत, जिथे जावं तिथे लोक "गजा रं गजा!" म्हणून ओरडायचे, आणि तू घरी माळ्यावर कणगीमागे लपलेला. माझा गुडघा निसटला तेव्हा पंधरा दिवस तू बाजारात लंगडलास (निम्मे दिवस चुकीच्या पायानं). धोंडूबाईच्या वडिलांनी लांबून माझी चढाई पाहिली आणि मुलगी तुला दिली. मांडवात तुझा दंड चाचपून म्हणाले, "पोरगा लई वाळला रं!" त्या दिवशी माळ्यावर बसायची पाळी माझी होती.

तक्रार नाही, गजा. पळसदरीला संघच नव्हता, तुझं नाव नसतं तर मी खेळलोच नसतो. पण अजून कुणी ती हाक मारली की पाय उचलतो. शेजाऱ्याच्या बैलाचं नाव गजा आहे, रोज संध्याकाळी मी दोनदा उठतो. त्या आरोळ्यांची फार आठवण येते रे. त्यांत हिरामण एकदाही नव्हता, तरी त्या माझ्याच होत्या. डोळे मिटायच्या आधी एकदा पुन्हा ऐकायच्या आहेत.

तू सत्काराला जा. शाल तुझी, नारळ तुझा. मी मागे कुठेतरी बसेन. धोंडूबाईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा दाजी,
हिरामण

ता. क. मागे नको, तुझ्या शेजारीच बसतो. लाउडस्पीकरवर तुझं नाव पुकारलं की सवयीनं मी उभा राहीन. तेव्हा माझा सदरा मागून धरून ठेव.

पुन्हा ता. क. फार घट्ट धरू नकोस.