चंद्रीला दिलेली सुई

१४ सप्टेंबर
कपिलेला ताप. वैरणीला तोंड लावत नाही. दूध निम्म्यावर आलं. पोटाखाली गोमाशा लगडलेल्या, चावल्या जागी रक्ताचे थेंब. तापाचं इंजेक्शन मीच दिलं. बीएस्सी झालेली म्हणून वस्तीवर मला ‘डॉक्टरीण’ म्हणतात. मला ते आवडतं, हेही लिहून ठेवते.

तेवढ्यात शेजारची कुसाबाई आली. “आमच्या चंद्रीलाबी टोच गं एक. व्याल्यापासून लय थकलीय.” दुसरी सुई घरात होती. पण झेंडू न्यायला आलेला टेंपो दारात हॉर्न वाजवत होता. कपिलेला टोचलेलीच सुई कापसानं पुसून चंद्रीला टोचली.

२२ सप्टेंबर
ताप उतरेना म्हणून गुरांच्या डॉक्टरांनी कपिलेचं रक्त तपासायला नेलं होतं. रिपोर्ट आला — सर्रा. रक्तातला परजीवी. गोमाशी एकीला चावून दुसरीवर बसते, तसा पसरतो. “माशीच कशाला, रक्त लागलेली सुईसुद्धा पुरते,” डॉक्टर सहज म्हणाले. औषध टोचून गेले.

२३ सप्टेंबर
सांगायचंच म्हणून गेले. कुसाबाई गोठ्यात लिंबाच्या पाल्याची धुरी करत होती. एवढंच म्हणाले, “चंद्रीला डॉक्टरांना दाखवा.”
“दाखवू की. दसऱ्याची फुलं निघू दे. तुझं इंजेक्शन झालंय ना?”
परत आले. सुईचं सांगितलं असतं तर तिनं आजच डॉक्टर बोलावला असता. हे मला तिथं उभी असतानाही कळत होतं.

२९ सप्टेंबर
कपिला खायला लागली. आनंद झाला, मग त्याची लाज वाटली.

१ ऑक्टोबर
चंद्री खुंट्याभोवती गोल फिरते, मध्येच खांबाला डोकं लावून उभी राहते. मीच डॉक्टरांना फोन केला. आले, औषध दिलं. “आठ दिवस आधी बोलवायचं,” म्हणाले. कुसाबाई माझ्याकडे बघत होती — तक्रारीनं नाही, आधारासाठी.

२ ऑक्टोबर
चंद्री गेली.

३ ऑक्टोबर
माशीनंही झालं असेल. दोन्ही गोठ्यांत त्याच माशा. खरंच झालं असेल. पण तेवीस तारखेला गप्प बसले ती माशी नव्हती.

५ ऑक्टोबर
कुसाबाई चंद्रीची कालवड घेऊन आली. “तुझ्या कपिलेचं दूध पाज हिला. तू टोचलंस म्हणून तरी चंद्री इतके दिवस काढू शकली.”
मी दावं हातात घेतलं.