दाखल: शकू, गव्हाण

१२ डिसेंबर २०२५
पनवेलला आले. तळ्याकाठचा दुमजली बंगला, वरची हवेशीर खोली, आणि पोचल्या पोचल्या कुमुदकाकूंनी दिलेले गरमागरम पोहे. मन प्रसन्न झालं. खाली त्यांच्या यजमानांचं, डॉक्टर कृष्णकांत यांचं, प्रसूतिगृह होतं. दहा वर्षांपूर्वी ते बंद झालं, पण सगळ्या नोंदी घरच्या कॉम्प्युटरवर आहेत. उरणपासूनची माणसं अजून जन्मतारखेच्या दाखल्यासाठी येतात. अडचण अशी की त्या जुन्या प्रोग्रामला वर्षाचे शेवटचे दोनच आकडे कळतात. पंचवीस म्हणजे दोन हजार पंचवीस हे त्याला समजतं; सव्वीस दिसलं की मात्र तो एकोणीसशे सव्वीस धरणार. एक जानेवारीच्या आत तो दुरुस्त करायला मला बोलावलंय, आणि तोवर राहायचंही इथेच.

डॉक्टरांनी नाव विचारलं. मी मनस्वी एवढंच म्हणाले आणि मावशीच्या घरचं आडनाव सांगितलं. गव्हाणच्या शकूची मुलगी मी, याच घरात जन्मले, हे त्यांना आत्ताच कशाला सांगू?

१५ डिसेंबर
दुरुस्तीआधी सगळ्या नोंदींची नक्कल काढून ठेवली. त्यात आईची नोंद सापडली.

मावशीनं तिला इथे आणलं ते तेरा ऑगस्टच्या सकाळी. डॉक्टर अलिबागला लग्नाला गेलेले. दिवसभर आई हाका मारत पडून होती. दुसऱ्या दिवशी मी जन्मले आणि ती गेली. नोंदीत लिहिलंय: दाखल १४ ऑगस्ट १९९९, नातेवाइकांनी उशिरा आणले.

त्या एका ओळीपायी मावशी सव्वीस वर्षं गावात मान खाली घालून वावरली. बहिणीला मारलीस, असं सख्ख्या भावानं तिला तोंडावर म्हटलं.

आज डॉक्टरांच्या समोर बसून जेवले. त्यांनी आपल्या हातानं मला लोणचं वाढलं. या माणसाला रडवल्याशिवाय मी इथून जाणार नाही.

१८ डिसेंबर
प्रोग्राम कसा बिघडतो ते बघायला कॉम्प्युटरची तारीख पुढे नेली: १ जानेवारी २०२६. त्यानं अर्थातच १९२६ धरलं. त्याच्या लेखी अजून कुणी मेलेलंच नाही. आईच्या नावापुढचा 'मृत' शब्द गेला आणि तिथे 'दाखल' आलं.

तेवढ्यात खालच्या बंद वॉर्डातून बाई कण्हल्याचा आवाज आला. भर दुपारी. मी तारीख मागे आणली, आवाज थांबला.

बाहेर जिन्यात डॉक्टर कठडा घट्ट धरून उभे होते. त्यांनीही ऐकलं होतं. मला भीती वाटायला हवी होती. बरं वाटलं.

२२ डिसेंबर
रोज दुपारी तारीख पुढे नेते. आधी दहा मिनिटं, मग वीस. डॉक्टरांचं जेवण कमी झालंय. दुरुस्ती कुठवर आली, विचारतात. थोडी राहिलीय, म्हणते. काकूंना मात्र ते कण्हणं ऐकू येत नाही. त्या माझ्या ताटात एक भाकरी जास्तच वाढतात.

२६ डिसेंबर
आज तासभर चालू ठेवलं. डॉक्टर वर आले, खुर्चीत कोसळल्यासारखे बसले.

"तेरा तारखेलाच आली होती ती," म्हणाले. "तारीख मी बदलली. आता ते बंद कर."

मग मी कोण ते सांगितलं. ते माझ्या पाया पडायला वाकले. मावशीला कळवून मी तिथेच थांबायला हवं होतं.

थांबले नाही. संध्याकाळपर्यंत चालू ठेवलं.

२९ डिसेंबर
तारीख मागे येत नाही. आतली बॅटरी काढून पाहिली, वायर काढली. सुरू केलं की पुन्हा १९२६. आणि कण्हणं आता वॉर्डात नाही. जिन्यात आहे.

३० डिसेंबर
सकाळी डॉक्टर वॉर्डातल्या खाटेवर सापडले. दाराला बाहेरून कुलूप होतं. तोंड उघडं, हाका मारता मारता थांबल्यासारखं.

मला हेच हवं होतं. हेच—

३१ डिसेंबर
काकूंना म्हटलं, आत्ताच्या आत्ता बाहेर पडा. ऐकेनात. कुणी बाई कण्हतेय, तिला पाणी देऊन येते म्हणाल्या.

जिन्यावरून पडल्या. नाही, पडल्या नाहीत. मी तो हात पाहिला. काकूंनी तिचं काय—

१ जानेवारी, सकाळ
दार उघडत नाही. ती खोलीत आहे.

आई म्हटलं. तुझी मुलगी आहे म्हटलं. तिनं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"माजं बाळ आजून जल्माला यायचं हाय," ती म्हणाली. "तू या घरातली. या घरातलं कुनी जित्तं ठेवनार नाय."

तिला मावशीचं नाव सांगतेय— तेरा तारीख सांगतेय— गव्हाणचं घर— ती ऐकत ना