सहा फुटी टेबलावरील अकरा मूर्ती हलविण्याबाबत

प्रति,
मा. सुविधा अधिकारी,
खाडीकाठ प्रवासी सुविधा केंद्र, पेण.

विषय : दिव्यांग प्रसाधनगृहातील टेबल मुलीच्या वापरास मोकळे करून मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचा दि. ४ फेब्रुवारीचा अर्ज.

महोदय,

१. अर्जदार काळुराम हे दर मंगळवारी रोह्याहून मुलगी नमिता हिला व्यायामोपचारासाठी पेणला आणतात. नमिता एकवीस वर्षांची असून तिला बसता येत नाही, डायपर लागतो. तिची आई हयात नाही. बायकांच्या बाजूला बापाला जाता येत नाही, पुरुषांच्या बाजूला मुलीला नेववत नाही. म्हणून तिला निजवून कपडे बदलण्यापुरते टेबल त्यांनी मागितले. आपण ते दिलेत, तेही चांगले दणकट. अर्जदार आपले उपकार मानतात.

२. टेबल दि. १७ जून रोजी बसले, हे अर्जदारांस कोणी कळविले नाही. त्याच दिवशी केंद्राच्या दारात गणपतींचा टेम्पो पंक्चर झाला. "काका, जरा हात लावा, दोनच दिवस ठेवायच्यात," असे कारखानदार हर्षद म्हणाले. देवाच्या कामाला नाही कोण म्हणणार? अर्जदारांनी अकरा मूर्ती स्वहस्ते आत नेऊन समोरच्या कोऱ्या टेबलावर मांडल्या. ते टेबल आपल्याच मुलीचे, हे त्यांना पुढच्या मंगळवारी कळले.

३. तेव्हापासून मूर्ती तिथेच आहेत. सफाई कामगार इंदुबाई म्हणतात, "देवाच्या जागेवं पोरीची घाण नाय हो चालायची." अर्जदारही भाविक असल्याने त्यांना हे पटते, हीच अडचण आहे. आपल्या कार्यालयाचे म्हणणे, टेबल उपयोगात आहे, सबब दुसरे मंजूर होत नाही.

४. तरी नम्र निवेदन की, मूर्तींच्या डोळ्यांची आखणी अद्याप झालेली नाही. तोवर तो माल, असे खुद्द हर्षद सांगतात. त्या खाली उतरवल्यास पाप लागू नये. लागलेच तर ते अर्जदार स्वतःच्या माथी घेण्यास तयार आहेत.

५. तूर्त नमिताला टेबलाशेजारी फरशीवर चादर घालून निजवावे लागते. काल तिचे कपडे बदलत असताना दोन गिऱ्हाइके मूर्ती पाहायला आत आली आणि निवांत पाहून गेली. लिहितानाही लाज वाटते. मूर्तींना अजून डोळे नाहीत, नमिताला आहेत. तिने ते घट्ट मिटून घेतले, ते रोह्याला घरी पोहोचेपर्यंत उघडले नाहीत.

येत्या मंगळवारपूर्वी विचार व्हावा.

आपला नम्र, व मूर्ती पुन्हा उचलण्यास हजर,
काळुराम महिपती भोईर (अंगठा)
दि. १६ जुलै २०२५

अर्ज लिहून देणार : समीक्षा (भाची)

सोबत : १) नमिताचे दिव्यांग प्रमाणपत्र. २) 'टेबल उपयोगात आहे' हे आपले पत्र.