मोरीचं औषध

ताई,

'प्रिय' मुद्दामच लिहिलेलं नाही.

तुझ्या हॉटेलातून तू मला ॲसिड आणून दिलंस, तेही खोकल्याच्या रिकाम्या बाटलीत. लेबलसुद्धा काढलं नाहीस. वर म्हणालीस, "मोरीचं औषध आहे. सगळं आयतं देते, तरी तुझं तोंड वाकडंच!"

औषध. माझ्या चार वर्षांच्या पोरीनं तो शब्द ऐकला. न रडता औषध घेतलं की मी तिला शहाणी म्हणते. मागच्या आठवड्यात मंगळवारी मी कपडे वाळत घालत होते आणि तिला खोकला आला. मी ओट्याखाली ठेवलेली बाटली तिनं स्वतःच काढली आणि एक घोट घेतला.

तू फोनवर म्हणालीस, "लेकराकडे लक्ष नको का ठेवायला?" तुझी जीभ कशी झडली नाही, ताई? तिची भाजली आहे.

एक गोष्ट तुला सांगितलेली नाही. दवाखान्यात नर्सनं विचारलं, "काय प्यायली?" मी म्हणाले, "औषध." तिनं शांतपणे विचारलं, "किती चमचे?" ॲसिड हा शब्द मला आठवेचना.

दहा दिवस दूध नळीतून गेलं. काल नळी निघाली. नर्सनं चमचा पुढे केला, "औषध घे, बाळा." पोरीनं ओठ घट्ट मिटले आणि माझ्याकडे पाहिलं.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तू ते घरभर वाचून दाखवशील. पण औषध कशाला म्हणतात, ते तिला आता तूच येऊन सांग. माझ्यावर तिचा विश्वास नाही.

तुझी धाकटी