माप घेताना विचारायची गोष्ट

मी, सौ. रतन नागोराव पाचंगे, वय ५८, धंदा ब्लाउज शिवणे, राहणार स्वारगेटजवळ, पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. हा कागद पहिल्याच फेरीत मिळाला. छातीतल्या गाठीच्या कागदांना नऊ महिने लागले होते.

१. माझ्या नावावरच्या राहत्या दोन खोल्या यजमान नागोराव यांना द्याव्यात. गाठ लागली ती पहिल्यांदा त्यांनाच सांगितली. "दुखते का?" "नाही." "मग राहू दे की." दुखो न दुखो, गाठ दाखवायची असते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. राग नाही. मात्र त्यांनी आता स्वतःचा चहा करायला शिकावं.

२. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात न लावताच "वयाचं आहे" म्हणून तीनदा गोळ्या दिल्या. त्यांच्या पत्नीचा मोरपंखी ब्लाउज कपाटात तयार आहे, तो पोचवावा. दिलेली तारीख मी पाळते.

३. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या जुन्या गिऱ्हाईक, बँकेतल्या अधिकारी कादंबरी गोळे यांनी करावी. मला लागली त्याच महिन्यात त्यांनाही गाठ लागली. त्यांची तपासणी, ऑपरेशन, सगळं अठरा दिवसांत उरकलं. मी मोठ्या रुग्णालयाच्या रांगेत: एकदा मशीन बंद, एकदा साहेब रजेवर, एकदा लग्नसराई म्हणून मीच गेले नाही. पुढे त्या सैल ब्लाउज शिवून घ्यायला आल्या, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "मलाही आहे." त्यांनी टेप खाली ठेवायला लावली आणि मला तशीच स्कूटरवर बसवून तपासायला नेलं. तोवर आजार काखेत पोचला होता. एक स्तन काढला. आता हाडांत आहे.

"रतनबाई, आधी का नाही बोललात?" त्या रडायला लागल्या.

"अहो, माप देताना तुम्ही कायम घाईत!"

४. नारायण पेठेतला माझ्या मालकीचा गाळा आणि दोन्ही मशिनी, चौदा वर्षं माझ्या शेजारी बसून शिवणाऱ्या नाजिमाला द्याव्यात. धाकट्या दिरांना तिथे मोबाइलचं दुकान काढायचं आहे. त्यांनी दुसरीकडे बघावं. नाजिमाला अट एकच: माप घेताना प्रत्येकीला हळूच विचारायचं, "गाठबिठ नाही ना? बघता का हात लावून?" ऑपरेशन झालेलीच्या ब्लाउजला आतून कापसाच्या गादीचा कप्पा फुकट.

"बाई, गिऱ्हाईक चिडलं तर?"

"चिडू दे. फिटिंग चांगलं असलं की परत येतं."

मी स्वतः वर्षभर विचारते आहे. चार जणी चिडल्या, दोघी तपासून आल्या. त्यांतल्या बायडाबाईंची गाठ वेळेत सापडली. त्या आता बाही आखूड झाली म्हणून भांडतात.

५. सोन्याच्या पाटल्या मुलगी सुरुची हिला. ती साड्यांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. "सुट्टी देत नाहीत गं" हे तिचं उत्तर. म्हणून अट लिहिली होती: तपासणीचा कागद दाखवल्याशिवाय पाटल्या मिळणार नाहीत.

"मृत्युपत्रातून धमकी देतेस?"

"हो."

काल ती अर्धा दिवस बिनपगारी घेऊन जाऊन आली. कागद साफ आहे. तो मी दोनदा वाचला. अट खोडली, पाटल्या काढून पुढे केल्या. तिने परत माझ्या हातात चढवल्या. हात बारीक झालाय, थेट कोपरापर्यंत गेल्या.

"राहू देत," म्हणाली. "आत्ता कुठे घाई आहे?"

वाचून, समजून सही केली.

रतन नागोराव पाचंगे
साक्षीदार: १. वरद केसकर, शेजारचे दुकानदार २. मुनव्वर तांबोळी, काजबटणवाले
पुणे, १२ फेब्रुवारी २०२५