शिळं अंडं

जाऊबाई,

आज गावाचा इतिहास लिहिणारे मास्तर घरी आले होते. आपण दोघी कामाला होतो ती मासळी खारवायची वखार कशी चालायची, ते त्यांना हवं होतं. मी तुमची रीत सांगितली. मिठाच्या पाण्यात ताजं अंडं सोडायचं, ते तरंगलं की पाणी पुरेसं खारट झालं. शिळं अंडं कमी मिठातही तरंगतं, म्हणून ते चालत नाही, हेही सांगितलं. मोठ्या तोंडाने.

त्या दिवशी तुम्ही मला शेजारणीकडे ताजं अंडं आणायला पाठवलं होतंत. मी कंटाळा केला आणि टोपलीतलं जुनंच आणून दिलं. ते टुणकन वर आलं. आठवड्याभरात अकराच्या अकरा पिंपं सडली.

मालक बाहेर शिव्या घालत होता. तुम्ही मला हळूच विचारलंत, “अंडं ताजंच होतं ना गं?” मी पायांकडे बघत राहिले. तुम्ही पदराला हात पुसलेत, बाहेर गेलात आणि म्हणालात, “मीठ माझ्याच हातून कमी पडलं.”

वखार बुडाली. तुम्हाला गावात कुणी काम देईना, म्हणून भाऊजी तुम्हाला घेऊन गाव सोडून गेले.

मास्तरांनी गावाकडून ऐकून लिहिलेलं मला वाचून दाखवलं. “या घरच्या थोरल्या सुनेच्या हलगर्जीपणामुळे वखार बुडाली. बरोबर आहे ना, आजी?”

तेव्हा मी निदान गप्प तरी होते, जाऊबाई. आज “हो” म्हणाले.

हे पत्र टाकायचाही धीर नसलेली,
तुमची धाकटी