महिन्याचा मासला

प्रिय मास्तर,

अक्षराला हसू नकोस. तीस वर्षं कळफलक बडवून बोटं पेन धरायला विसरली आहेत. रविवारची जेवणं उरकली आहेत, आमचे हे वर्तमानपत्र तोंडावर घेऊन घोरत पडलेत आणि मी स्वयंपाकघरातलं टेबल पुसून कागद पसरलाय. तीन कागद आधीच फाडले. पहिल्यात मी तुझ्या तब्येतीची चौकशी केली होती, ती वाचून माझीच मला किळस आली. मेल केला असता, पण रजेवर गेल्यापासून अठरा दिवसांत तू ऑफिसची मेलपेटी उघडलेली नाहीस हे मला माहीत आहे. ते कसं माहीत, तेही सांगायचंच आहे.

गुरुवारी तुझा फोन आला. आईचं जे झालं तेच माझं सुरू झालंय गं, असं तू म्हणालीस. पुढच्या गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहेस, स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देऊन मोकळी झाली आहेस, आणि डॉक्टरांकडे मी सोबत यावं अशी तुझी इच्छा आहे. मी पटकन हो म्हणाले. इतक्या पटकन की तुला बरं वाटलं असेल. फोन ठेवला आणि मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले, आमच्या ह्यांना माझं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून.

आपण दोघी एकाच दिवशी कामाला लागलो. टंकलेखनाच्या त्या लांबलचक खोलीत बावीस यंत्रं होती आणि माझ्या यंत्राचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा म्हणून तू मला खडखड म्हणायला लागलीस. तू आवक-जावकला गेलीस आणि महिन्याभरात पोस्टमास्तर झालीस. आलेल्या प्रत्येक पत्रावर ठसा, ठशात क्रमांक, क्रमांकाची नोंद त्या जाडजूड नोंदवहीत. एखादं पत्र सापडत नसलं की लोक कपाटं उघडण्याआधी तुझ्याकडे यायचे. पुढे संगणक विभागाची परीक्षा निघाली तेव्हा मी आपल्याला काय जमणार म्हणून पाय मागे घेतला, तर तू माझ्या नावाचा अर्ज भरून, माझी सही सोडून बाकी सगळं लिहून, शेवटच्या दिवशी माझ्यापुढे ठेवलास. आज दारावर माझ्या हुद्द्याची पाटी आहे, तिच्यामागे तुझं अक्षर आहे. आणि तुझी आई तुलाच धाकटी बहीण समजून हाका मारायची, त्या दोन वर्षांत रविवारी मी तिच्यापाशी बसायचे म्हणजे तुला दोन तास झोपता यायचं. त्या आजाराला तू किती घाबरतेस, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. हे सगळं मुद्दाम लिहिते आहे. पुढचं वाचताना मला अजाण समजून तू सोडून देऊ नयेस म्हणून.

आता त्या वार्तापत्राविषयी. आमच्या साहेबांचं दुखणं तुला ठाऊक आहे. प्रशासकीय संगणक सेवा असं भारदस्त नाव असूनही लोक आम्हाला छपाईयंत्रात अडकलेला कागद काढणारी मंडळी समजतात. कुठली प्रणाली बदलली, कुठली सेवा कधी बंद राहणार, हे कुणापर्यंत पोचत नाही, म्हणून दर महिन्याला सगळ्यांना मेलने एक वार्तापत्र पाठवायचं ठरलं आणि ती झूल माझ्या पाठीवर चढली. नाव मीच दिलं, कळफलक. चाचणीचा अंक दोन मजल्यांवर पाठवला. दीडशे लोकांपैकी नऊ जणांनी उघडला, आणि त्या नवांत मी आणि साहेब धरून. साहेब म्हणाले, बाई, ही तर शोकसभेची सूचना वाटते, लोक हसत हसत वाचतील असं काहीतरी घाला. मला ते झोंबलं. माझी जीभ किती चालते हे सगळ्या ऑफिसला माहीत, आणि माझा अंक रडका? म्हणून मी शेवटी एक चौकट काढली, महिन्याचा मासला. मदतकक्षाकडे येणाऱ्या तक्रारींतली सगळ्यात गमतीची एक, अर्थात नाव न देता.

तुझी तक्रार माझ्याकडे पहिला अंक निघण्याच्या चार दिवस आधी आली होती. आपल्यातल्या गमतीप्रमाणे तू मला महोदया म्हणून लिहायचीस आणि मी तुला मास्तरसाहेब म्हणून उत्तर द्यायचे. मी ती तशीच्या तशी चौकटीत घातली: ‘महोदया, दिनांक ४, ९ व ११ रोजीची माझी पत्रे सदर यंत्राने गिळली असल्याचे दिसते. तरी त्याच्या पोटात शोध घेऊन उलटटपाली खुलासा व्हावा, ही विनंती.’ आणि वर मथळा दिला, ‘नाचता येईना, अंगण वाकडं’. नाव नव्हतं, खरं आहे. पण मेलमध्ये उलटटपाली लिहिणारं माणूस आपल्या पाच मजल्यांत एकच आहे, हे काय मला माहीत नव्हतं? त्या एका शब्दासाठीच तर मी ती निवडली. नाव गाळल्याचा सोवळेपणाही मिळाला आणि हशाही.

हशा भरपूर मिळाला. सहाशे चाळीसपैकी पाचशे नव्वद लोकांनी अंक उघडला, साहेबांनी तो आकडा फळ्यावर लिहून ठेवला. संध्याकाळपर्यंत जिन्यात पोरंसोरं एकमेकांना उलटटपाली चहा आण म्हणत होती. तू जेवणाच्या सुट्टीत आलीस, माझ्या डब्यातली भाजी घेतलीस आणि छान झालाय गं अंक, एवढंच म्हणालीस. मी म्हटलं, चला, मनावर घेतलेलं नाही, आपली मास्तर मोठ्या मनाची. पण ही वार्तापत्र पाठवायची व्यवस्था मोठी चोंबडी आहे. कुणी केव्हा उघडलं, किती वेळा उघडलं, सगळं माझ्या पडद्यावर दिसतं. त्या दिवशी तू तो अंक सहा वेळा उघडलास. पहिल्यांदा सव्वाअकराला, शेवटचं पाच वाजून दहा मिनिटांनी, घरी निघताना. सहाशे चाळीस लोकांत दुसऱ्या कुणीही तो दोनपेक्षा जास्त वेळा पाहिला नाही. मी ती ओळ पाहिली आणि पडदा बंद केला.

इथवरचं तुला ठाऊक आहे किंवा तू ताडलं असशील. माझी जीभ सैल आहे म्हणून तू मला माफही केलं असशील, तुझा स्वभावच तो. आता जे तुला ठाऊक नाही ते. दोन महिन्यांपूर्वी आस्थापना विभागाचं नाव बदलून मनुष्यबळ विभाग झालं. तू पत्र यंत्रात चढवताना ज्या यादीतून विभाग निवडतेस, त्या यादीत नवं नाव मी घातलं आणि जुनं काढायचं विसरले. नाव बदलल्याचं पत्रक काढायचं कामही माझंच, तेही राहिलं. तू इतक्या वर्षांच्या सवयीने आस्थापना निवडत राहिलीस आणि यंत्र मुकाट्याने घेत राहिलं. त्या नावामागे आता माणूसच नव्हता, पत्रं तिथे जाऊन पडत होती. यंत्राच्या पोटात शोध घ्यावा ही तुझी विनंती अगदी नेमकी होती. मी शोध घेतला नाही. तक्रार उघडली, हसले, शेऱ्याच्या रकान्यात ‘वापरणाऱ्याची चूक’ निवडलं आणि ती बंद केली. पुरतं अर्धं मिनिटही लागलं नाही. अंगण खरंच वाकडं होतं, मास्तर, आणि ते मी वाकडं केलं होतं.

त्यातून तुझ्याकडे दाखवायला वहीही नव्हती. तू यंत्रात चढवून झाल्यावरही नोंदवहीत लिहीत होतीस, तेव्हा सहा महिन्यांपूर्वी बैठकीत साहेबांसमोर मीच तुला टोकलं की एकाच कामाला दोनदा कशाला हात लावतेस, आमच्यावर भरवसा नाही का? सगळे हसले. दुसऱ्या दिवशी तू वही कपाटात ठेवलीस. भरवसा ठेवलास.

हे सगळं मला नंतर कळलं असतं तर मी निदान ताठ मानेने रडले असते. मला ते आधी कळलं. अंक अकराला सोडायचा होता. पावणेदहाला मी शेवटचं वाचन करत होते. तिसरी बातमी होती, आस्थापना विभागाचं नाव आता मनुष्यबळ विभाग. यादीत बरोबर दिसतंय ना म्हणून पाहायला गेले, तर जुनं नाव तिथे बसलेलं. उघडलं तर आत सतरा पत्रं. सतराही तुझ्या हातची, तारीखवार, क्रमांकासह, विषय नीट लिहिलेला. तू तक्रारीत लिहिलेली तिन्ही त्यात होती. मास्तर, माझ्या हातात सव्वा तास होता. चौकट काढून टाकायला दोन मिनिटं लागली असती. पण साहेबांनी वरच्या साहेबांना बोलावलं होतं, सभागृहात खुर्च्या लावल्या होत्या, बिस्किटांचे पुडे फुटले होते, आणि मासल्याशिवाय अंकात हसण्यासारखं काही उरत नव्हतं. मी स्वतःला सांगितलं, आधी हे पार पडू दे, मग गुपचूप निस्तरू. अकराला सगळ्यांसमोर बटण दाबलं. टाळ्या पडल्या. मी मान लववून हसले.

दुपारी ती सतरा पत्रं मी योग्य विभागात ढकलली. तुझ्यावर उपकार करतेय असं तेव्हा वाटलं होतं. पण तिकडे पोचल्याची तारीख त्याच दिवसाची पडली. म्हणजे सगळ्यांना दिसलं ते असं: आवक-जावकच्या बाईंनी पत्रं दाबून ठेवली, यंत्रावर आळ घेतला आणि अंकात हसं झाल्यावर घाईघाईने चढवली. त्यात एका ड्रायव्हरचा बदलीचा अर्ज होता, त्याची मुदत उलटून गेली होती. तो तुझ्या टेबलापाशी येऊन सगळ्यांदेखत ओरडला, तेव्हा मी फोटोकॉपी यंत्रामागे उभी होते. तू त्याला म्हणाली नाहीस की मी चढवली होती. तू खाली मान घालून म्हणालीस, मला आठवत नाही हो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा हातात नवी कोरी चकचकीत कागदपत्रं धरून मागे उभा होता. त्यानंतर दोन दिवसांनी तू रजा टाकलीस. मी रोज म्हणायचे, उद्या सांगू. रोज पडद्यावर पाहायचे, मास्तरने मेलपेटी उघडली का. उघडली नाही म्हटलं की बरं वाटायचं, इतकी मी खालच्या थराला गेले.

शुक्रवारी मी साहेबांना सगळं लेखी दिलं. ते वाचून म्हणाले, पुढच्या अंकात तांत्रिक अडचणीमुळे काही पत्रांस विलंब झाला असं लिहू, तुमचं नाव कशाला आणि आमची अब्रू कशाला. पण अंक माझ्या हातून जातो. उद्या सकाळी दहाला दुसरा अंक जाईल, त्यात एकच मजकूर असेल, तक्रार बरोबर होती, चूक कुणाची, ती कधी सापडली आणि कुणी लपवली, माझ्या नावानिशी. त्याची एक प्रत सोबत जोडली आहे, आणि त्या सतरा पत्रांच्या मूळ तारखांची यादीही. ड्रायव्हरच्या अर्जासाठी मी वेगळं पत्र दिलं आहे. साहेब काय करतील ते करोत, मला त्याचं फारसं काही वाटत नाही. वाटतं ते आमचे हे संध्याकाळी हे पाकीट घेऊन तुझ्या दारात उभे राहतील याचं, कारण जिना चढायचं धैर्य मला नाही. त्यांना मी अजून काहीच सांगितलेलं नाही. तू चहा विचारशील, तर विचारू नकोस.

आणि हे पत्र आजच का, तेही सांगते. अंक उद्या निघणारच आहे, तू तो कुणाच्या तोंडून ऐकलाच असतास. पण फोनवर तू म्हणालीस की डॉक्टरांनी जवळचं माणूस आणायला सांगितलंय, विसरायला कधी लागलीस ते बाहेरून पाहणाऱ्याने सांगावं म्हणून, आणि तू मला निवडलंस, कारण खडखड खोटं बोलणार नाही. म्हणून खरं ते आजच सांगते. तू विसरायला लागल्याची एकही आठवण माझ्याजवळ नाही, कारण तू काही विसरलेलीच नाहीस. सतरा पत्रं तू वेळेवर चढवली होतीस आणि तुला ते बरोबर आठवत होतं, तू तक्रारीत तारखासुद्धा बरोबर लिहिल्या होत्यास. मी तुला वीस दिवस तुझ्याच डोक्यावर संशय घेऊ दिला. अर्ज बुधवारपर्यंत परत घेता येतो, तो घे. मला तोंड दाखवू नकोस म्हणालीस तर नाही दाखवणार, पण तुझं टेबल सोडू नकोस. आईचं दुखणं तुला लागलेलं नाही, मास्तर. तुला माझ्यासारखी मैत्रीण होती, एवढंच तुझं दुखणं होतं.

अजूनही तुझीच म्हणवून घेऊ पाहणारी,
खडखड